डबल बेल

धावत्या एसटीत काही न धरता उभं राहणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण दोन्ही हातांनी दांडी धरतो आणि तरी वळणावर शेजारच्या काकांच्या मांडीत जाऊन बसतो. कंडक्टरचे दोन्ही हात तिकिटाच्या मशीनमध्ये गुंतलेले असतात, पण तो ढिम्म हलत नाही. आपण याचं कधी कौतुक करत नाही, कारण आपलं सगळं लक्ष रिकाम्या सीटकडे असतं.

मी जिच्याबद्दल सांगते आहे ती लातूर-नांदेड गाडीवरची अशीच एक कंडक्टर. डावा पाय जरा पुढे, उजव्या पायाची टाच खालून कागद सरकेल इतकी उचललेली, गुडघे सैल. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की सगळी गाडी पुढे झुकायची आणि ही जागच्या जागी. पुढे मला कळलं की थाय बॉक्सिंगमध्येही साधारण असंच उभं राहतात. ती म्हणायची, "उभं राहायला मला कुणी शिकवलं न्हाई, मॅडम. ते गाडीनंच शिकवलं. लाथ तेवढी शिकावी लागली."

ती देगलूरची. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि चिडली की दखनी, अशी तिच्या तोंडाची वाटणी होती. वय पस्तिशीच्या आत. तिच्याकडे येणारे सगळे तिला अक्का म्हणत. मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, पण मीही अक्काच म्हणायचे. ज्या बाईने आपल्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावून रडकुंडीला आणलं, तिला नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही.

आमची ओळख झाली ती गाडीतच, आणि ती ओळख सांगायला मला आजही बरं वाटत नाही. माझी आई नांदेडला भावाकडे असते. दर रविवारी मी तिला भेटून संध्याकाळच्या आत लातूरला परतते. अशाच एका रविवारी लोहा मागे पडल्यावर शेजारच्या माणसाला झोप लागली. म्हणजे त्याने डोळे मिटले. त्याचा हात मात्र जागा होता. मी खिडकीकडे सरकले, तोही सरकला. मी पर्स मध्ये ठेवली, ती त्याने हळूच बाजूला केली.

आता मी कोण, तेही सांगते. मी लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. दोनशे पोरं समोर असतात आणि मी नुसता चष्मा काढला तरी मागचा बाक गप्प होतो. अशी मी त्या सीटवर थिजून बसले होते. ओरडायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण घशातून काही वर येईना, आणि मी पुढच्या सीटमागचा 'खिडकीबाहेर हात काढू नये' हा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

तेवढ्यात ती आली. आरडाओरडा नाही, काही नाही. त्या माणसाच्या खांद्यावर मशीनने टकटक केलं आणि म्हणाली, "पाव्हणं, उठा. पुढं माझ्या सीटवर बसा." तो म्हणाला, माझं तिकीट आहे. "मीच दिलंय ते. उठा." तो उठला. अहमदपूरपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहिली, नुसती त्याच्याकडे बघत, काही न धरता. अहमदपूरला तो मागे न बघता उतरून गेला.

मग ती माझ्याजवळ आली आणि मी काय करते ते विचारलं. शिकवते, मी म्हणाले.

"मंग तर आवाज आसंल की."

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. उतरताना तिने सांगितलं की सकाळी ड्युटीच्या आधी आम्ही काही जण जुन्या डाळ मिलच्या गोदामात लाथा मारतो, वाटलं तर या. हळदीकुंकवाला बोलवावं तितक्या सहज ती हे बोलली. मला जायला तीन आठवडे लागले.

मिल कधीच बंद पडलेली. गोदामात जमिनीवर ताडपत्री, भिंतीला एक आरसा आणि छपराच्या लोखंडी कैचीला टांगलेली सहा पोती. तुरीच्या टरफलांनी ठासून भरलेली. पोत्यावर लाथ बसली की पिवळी धूळ उडायची आणि सगळे शिंकायचे. आमच्यातले निम्मे दिवसभर पिवळ्या नडग्या घेऊन गावात हिंडत. दाराशी एसटीतली असते तशी एक घंटा लावली होती, दोरी बांधलेली. तिथे शिट्टी नव्हती. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. क्लासची वेळही तिच्या ड्युटीवर ठरायची. रात्री मोबाइलवर निरोप यायचा, "उद्या सव्वापाच. निलंगा." किंवा, "उद्या न्हाई. मुक्काम." कोणी वेळेबद्दल कुरकुर केली तर ती म्हणायची की गाडी तुमच्यासाठी थांबत नाही, मी कशी थांबू. सराव करताना आम्ही एका कोपऱ्यात गर्दी केली की सवयीने ओरडायची, "पुढं सरका, पुढं मोकळं हाय."

नव्या माणसाला ती एकच प्रश्न विचारायची. "कशाला आलात?"

मी आयुष्यभर परीक्षेत 'कारणे द्या' विचारत आले. चुकीचं कारण लिहिलं की लाल रेघ. हिच्याकडे लाल रेघच नव्हती. तुम्ही काहीही सांगा, ती म्हणायची, "बरं. दोरी घ्या."

उमरीहून आलेली एक मुलगी होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. ती म्हणाली, खोलीवर रात्री डोळा लागत नाही, वाचलेलं डोक्यात गरगरतं. बरं, दोरी घ्या. आडतीत धान्याचा व्यापार करणारे एक अप्पा होते, पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. ते म्हणाले, साखर वाढली, डॉक्टरनं चालायला सांगितलं, पण नुसतं चालायचा कंटाळा येतो. बरं, दोरी घ्या.

या अप्पांची गंमत सांगितलीच पाहिजे. दोरी झाली, ठोसे झाले, आणि पोत्याला लाथ मारायची वेळ आली तेव्हा अप्पा अडून बसले. ज्या पोत्याने घर चाललं त्याला पाय कसा लावायचा? आत टरफलं आहेत, धान्य नाही, असं आम्ही परोपरीने सांगितलं. अप्पा म्हणाले, बारदान तर तेच हाय न्हवं? चार दिवस ते नुसते ठोसे मारत राहिले. पाचव्या दिवशी अक्का त्यांच्याजवळ गेली. तिने सांगितलं की हा खेळ जिथला आहे तिथेही लढायच्या आधी गुरूला नमस्कार करतात, सगळ्या रिंगणाला फेरी मारतात, त्याशिवाय कोणी पाय उचलत नाही. "तुमीबी आधी पाया पडा, अप्पा. मंग मारा."

अप्पांनी पोत्याला हात लावून कपाळाला लावला आणि अशी सणसणीत लाथ हाणली की वरून जुनी धूळ आमच्या डोक्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून उमरीची मुलगी नमस्कार करू लागली, मग मी, मग सगळेच. नवीन येणाऱ्याला वाटायचं की हे थायलंडहूनच आलंय.

आणि मी? पहिल्या दिवशी मला विचारलं, कशाला आलात. ती गाडीत होती. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी म्हणाले, "वजन कमी करायला."

माझं वजन तेव्हा सत्तेचाळीस किलो होतं. अक्काने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "बरं," ती म्हणाली, "दोरी घ्या." त्या 'बरं'साठी मी तिची जन्माची ऋणी आहे. घरीही मी हेच कारण सांगितलं. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी वजनाचा काटा आणला, आणि मला इतकी भूक लागायला लागली की तीन महिन्यांत काटा तीन किलो पुढे गेला. ते अजून त्या काट्यावर संशय घेतात.

लाथ मला लवकर जमली, हे मी मोठेपणा न करता सांगते. नडगी कशी आणायची, कंबर कशी फिरवायची, खालचा पाय कसा वळवायचा, हे समजून घ्यायला शिक्षकाचं डोकं कामी येतं. अडलं ते दुसरीकडेच. लाथ मारताना श्वास जोरात सोडायचा असतो आणि त्याबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो. उमरीची मुलगी आवाज काढायची तेव्हा आढ्याला बसलेली कबुतरं उडायची. अप्पा तर 'हर हर' म्हणूनच मारत. माझ्या तोंडून निघायचं ते 'हं'.

"मॅडम," अक्का म्हणाली, "फोनवर कुणाचं ऐकून राहिल्या का?"

सगळे हसले, मीही हसले. पण पुढचं वर्षभर ती लाथ झेलायचं जाड पॅड धरून माझ्यासमोर उभी राहायची आणि प्रत्येक लाथेनंतर एकच शब्द म्हणायची, "आवाज?" मी मान हलवायचे. ती पुन्हा पॅड उचलायची. क्लासमध्ये माझ्यापुढे माइक असतो. एकदा वीज गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं बोलणं तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. मागचा बाक इतकी वर्षं माझ्या चष्म्याला भीत होता.

एकदा सराव संपल्यावर आम्ही दोघी ताडपत्रीवर बसलो होतो. मी म्हणाले, तू सगळ्यांना विचारतेस, तू कशाला आलीस या खेळात? खरं सांगायचं तर मी तयारीने बसले होते. काहीतरी वाईट घडलं असणार, कोणीतरी त्रास दिला असणार, आणि मग मी माझं सांगेन, असा माझा बेत होता.

तिने जरा विचार केला. मग सांगितलं की नांदेडला नवीन नोकरी लागली तेव्हा खोलीच्या खाली एक हॉल होता. एकदा जिना उतरताना तिथल्या एका पोरीने पॅडवर लाथ मारली आणि फाडकन आवाज झाला. "मला लई आवडला तो आवाज. म्हटलं, आपल्याकडूनबी असा निघाला पायजे. बास."

"एवढंच?"

"हाव. का मॅडम, कायतरी झाल्याबिगर बाईनं लाथ मारूच न्हाई का?"

सगळ्या गोष्टीमागे जखम शोधायची मला खोड आहे, आणि ही बाई पहाटे उठून, दिवसभर गाडीत उभी राहून, केवळ आवडीपोटी आमच्या नडग्या घडवत होती. मला तिचा हेवा वाटला. माझं मी त्या दिवशीही सांगितलं नाही.

मग तिची बदली झाली. देगलूरला आई एकटी होती, अक्कानेच दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, म्हणजे खरं तर ही आनंदाची बातमी. शेवटच्या सकाळी तिने प्रत्येकासाठी पॅड धरलं. उमरीच्या मुलीचा तोवर नंबर लागून ती दुसऱ्या गावी गेली होती. अप्पांनी पेढे आणले आणि साखरेमुळे स्वतः एकही खाल्ला नाही. माझी पाळी आली. मी नमस्कार केला, लाथ मारली, पॅड फाडकन वाजलं. तोंडून 'हं'.

"पाय झाला तुमचा," ती म्हणाली. "आवाज तुमचा तुमीच काढायचा. त्यो मला देता येत न्हाई."

घंटा तिने अप्पांच्या ताब्यात दिली. अप्पा आजही ती वाजवतात, पण एक आणि दोन यांत घोटाळा करतात.

तिला सोडायला मी स्टँडवर गेले. खाकी नाही, फिकट पिवळी साडी, हातात एक बॅग. इतक्या दिवसांत तिला प्रवासी म्हणून मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं. उदगीरमार्गे जाणारी देगलूरची गाडी लागली. आत चढल्यावर तिने आधी दोन म्हाताऱ्यांना जागा करून दिली, एकाचं गाठोडं वर ठेवलं, आणि त्या गाडीचा खरा कंडक्टर दाराशी उभा राहून बघत राहिला. मी खिडकीखाली होते. इंजिन सुरू झालं.

तेव्हा तिने खिडकीतून वाकून विचारलं, "मॅडम, कशाला आलता वो तुमी?"

माझ्या घशाशी तेच सगळं जमलं, लोह्यापुढच्या त्या सीटवर जमलं होतं ते. इंजिनाचा घरघराट, फलाटावरचा भोंगा, बाजूला निलंग्याची गाडी मागे घेणारी शिट्टी. आपोआप माझा डावा पाय जरा पुढे गेला. टाच उचलली.

"त्या दिवशी माझा आवाज निघाला नव्हता म्हणून!"

पूर्ण फलाट वळला. उसाच्या रसवाल्याने चरक थांबवला. चौकशीच्या खिडकीपाशी माझ्याच क्लासमधली एक मुलगी उभी होती, तिने कानात घातलेलं काढून माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. पोटात कुठेतरी मोकळी जागा झाली होती आणि तिथे मी पहिल्यांदाच श्वास घेत होते.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बरं," ती म्हणाली.

कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी मागे आली, वळली, आणि काचेतून मला ती दिसली. तिच्या शेजारची अख्खी सीट रिकामी होती, आणि ती मधल्या वाटेत उभी होती, काही न धरता.