सिदाप्पाचं पान

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सर्वात आधी सांगायला हवं होतं त्या मानेबाईंनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर — तर वाचून झाल्यावर वेगळ्या नजरेनं बघाल, तेही बरोबरच.

मी आष्ट्यात राहतो, हायस्कूलवर मराठी शिकवतो. कथांची दोन पुस्तकं स्वखर्चानं काढली आहेत. पण आमच्या भागात मला ओळखतात ते मानपत्रांसाठी. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कुणी निवृत्त झालं, कुणी फौजेतून परत आलं, की सत्कारात वाचायचं मानपत्र माझ्याकडून लिहून नेतात. वाचताना माणसं डोळे पुसतात. मी मागच्या रांगेत बसून कोण पुसतंय ते बघत असतो.

मी नम्र आहे असं सगळे म्हणतात. स्टेजवर मी नेहमी म्हणायचो, मी कसला लेखक, चार ओळी खरडतो झालं. आणि मग थांबायचो — कुणीतरी "नाही नाही सर" म्हणेपर्यंत. ते आलं नाही तर घरी येऊन जेवण जायचं नाही. याला नम्रता म्हणतात का?

तर, आमचं एक छोटं साहित्य मंडळ आहे. दरवर्षी कथास्पर्धा घेतो. चार वर्षांपूर्वी परीक्षक दोघंच होतो. मी, आणि मिरजेच्या निवृत्त मुख्याध्यापिका मानेबाई. त्यांनी एका कथेला पहिला नंबर दिला. रेघांच्या वहीतले फाडलेले कागद, निळी शाई, अक्षर गिचमीड. ती कथा मीही वाचली होती. एकदा नाही, तीनदा. आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा — ही चोरीची आहे.

लिहिणारा होता सिदाप्पा. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातला, सातवी शिकलेला, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आमच्याच गावातल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन स्टुलावर बसायचा. मी पासबुक भरायला गेलो की उठून उभा राहायचा. हा माणूस असं लिहील? कसं शक्य आहे?

मी शोध सुरू केला. जुने दिवाळी अंक काढले. दोन रविवार सांगलीला जाऊन ग्रंथालयात बसलो. त्याची वाक्यं मोबाईलवर टाकून बघितली. काही सापडलं नाही. आणि गंमत बघा — सापडलं नाही म्हणून संशय कमी झाला नाही, वाढला. वाटलं, बेटा हुशार आहे, कुठल्यातरी न छापलेल्या वहीतून उचललंय. कुणी मेलेल्या माणसाची वही असेल. मी त्या मेलेल्या माणसाची कीवसुद्धा करायला लागलो. ती चोरीची निघावी असं मला इतकं का वाटत होतं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

मानेबाईंना फोनवर शंका सांगितली. त्या म्हणाल्या, तुम्ही भेटून खात्री करा, तुमचा शब्द तो माझा शब्द.

मी सिदाप्पाला शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला आठवीच्या वर्गात, पुढच्या बाकावर बसवलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे बाकाखाली मावेनात. समोर कोरं पान ठेवलं आणि म्हणालो, इथं बसून काहीही लिहा. कशासाठी ते सांगितलं नाही. त्याला कळलंच असणार. तो पानाकडे बघून हसला.

"फौजेत लय परीक्षा दिल्या सर. पर वळखीच्या माणसानं घेतल्याली ही पयलीच."

मी हसलो नाही. त्याच्या पाठीमागे उभा राहिलो, कॉपी पकडायला उभा राहतो तसा. त्यानं अर्ध्या तासात पान भरलं, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "किती मार्क पडत्यात बघा."

तो गेल्यावर मी वाचलं. त्यातला हा तुकडा:

"माज्या आज्ज्याला आकडं येत नव्हतं. सांजच्याला मेंढरं जाळ्याच्या वाघरीत आली की तो तोंडाशी हुबा ऱ्हायचा आनि सगळ्यांवरनं एकदाच नजर फिरवायचा. मग म्हणायचा, कानतुटी आली न्हाई. मी इचारलं, न मोजता कसं कळतं? म्हणाला, जी आली न्हाई ती आदी दिसती. पुढं फौजेत हजेरी मी घ्यायचो. नावं हजर असल्यांची वाचायचो, पर ध्यान जो नसंल त्याच्याकडं असायचं. आता बँकेच्या दारात बसतो. येणारी जाणारी बघतो. आज्जा आला असता तर म्हणाला असता, ह्यात सिदा कुटं दिसंना."

मी त्याच बाकावर बसलो. तो जिथं बसला होता तिथंच. चोरी नव्हती. मेलेला माणूस नव्हता, वही नव्हती. हे त्याचं होतं, आणि पंचवीस वर्षं मराठी शिकवून, दोन पुस्तकं काढून, शेकडो मानपत्रं लिहून मला असं एक पान लिहिता आलं नव्हतं. येणारही नव्हतं. हे मला तिसऱ्या वाचनाआधीच, पहिल्याच वाचनात कळलं होतं. संशय नंतर आला. मी तो बोलावून आणला.

मग मी मानेबाईंना फोन केला. काय सांगितलं ते सांगतो — इतकं फिरत फिरत इथवर आलो ते याचसाठी.

"बाई," मी म्हणालो, "दोन ओळी धड लिहिता आल्या नाहीत हो त्याला."

बाई म्हणाल्या, वाईट वाटलं. कथा बाद झाली.

बक्षीस समारंभाला सभागृह भरलं होतं. मी स्टेजवरून एकदा नजर फिरवली. आधी कोण दिसलं ते सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात बँकेत गेलो तर तो नेहमीसारखा उठून उभा राहिला. बक्षिसाचं काही विचारलं नाही. हळूच म्हणाला, "सर, ते पान असलं तर द्या की. घरात वाचून दावायचं हुतं."

मी म्हणालो, फेकून दिलं.

"असूं द्या," तो म्हणाला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

पान माझ्या टेबलाच्या खणात होतं. आजही आहे. गेल्या वर्षी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, काही लिहिता का हल्ली? म्हणाला, न्हाई सर, आपलं काम न्हाई ते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारे मानेबाईंशिवाय आणखीही कुणी होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मला माझ्या कुठल्याच वाक्याचा भरवसा वाटत नाही. हे लिहितानाही दोन ओळी जरा बऱ्या जमल्या असं वाटलं, आणि लगेच संशय आला की कबुली देतोय की पुन्हा कुणी डोळे पुसतंय का ते बघतोय? त्या दोन्ही ओळी खोडल्या. उरलेल्यांचं काय, मला सांगता येत नाही.

वर आज्ज्याचा जो तुकडा आहे तो सिदाप्पाचा आहे. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही. बाकी सगळं माझं.