गाईचं इन्सुलिन

ऐंशीच्या दशकात कारध्याच्या पुलावरून त्याने बायकोच्या इन्सुलिनची बाटली वैनगंगेत फेकली. हा आमचा शेजारी विणकर, गाईला पहिला घास दिल्याशिवाय जेवत नसे. ते औषध कापलेल्या गाईच्या स्वादुपिंडातून काढतात, असं त्याला कंपाउंडरने सांगितलं होतं.

"काहून फेकली, भाऊ?" मी विचारलं.

"आता जंतूच्या पोटात माणसाचं इन्सुलिन बनवून राहिले, वहिनी. पेटंट एकाच कंपनीचं हाय, म्हणून उशीर होऊन राहिला."

"येईन तवा येईन. तवरक बायको कशी जगन?"

"देव हाय न जी!"

मग रोज तो औषधाच्या दुकानात डोकावून विचारी, "आलं का जी?" दुकानदार हसे. त्याचा बायकोवर जीव होता, म्हणूनच वाईट वाटतं.

नवं औषध यायच्या आत ती गेली. तो अजून आहे.