झाडून काढलेली टेकडी

गेल्या आषाढात आमच्या मंडळाने टेकडीवरच्या वारुळाभोवती फरशी बसवायचे ठरवले आणि नागपंचमीला तेथे मंत्र म्हणण्याची विनंती मला केली. मंडळ म्हणजे सकाळी फिरायला येणारी आम्ही वीस-पंचवीस माणसे, बहुतेक सेवानिवृत्त. टेकडी धायरीच्या मागे आहे. तिच्यावर लावलेले गिरिपुष्पाचे आणि कडुनिंबाचे रान रीतसर परवानगी घेऊन आम्हीच राखतो.

मी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी पूजेची जागा पाहण्यासाठी वारुळापाशी गेलो. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यावर ओली, ताजी माती चढलेली दिसे. या वेळी बोटाने दाबताच कडेचा भुगा झाला. वाळवी कुठेच नव्हती. बिळाच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले होते, त्यावर धूळ बसली होती, आणि ते जाळे कुठेही फाटलेले नव्हते. त्या बिळातून बरेच दिवस कोणी आत-बाहेर गेलेले नव्हते. मी तेथेच दगडावर बसलो. 

शाळेतून निवृत्त होऊन मी सदाशिव पेठेतून धायरीला राहायला आलो, तेव्हा ही टेकडी अशी नव्हती. सुटे दगड, वाळके गवत, मधूनमधून लावलेली झाडे. पाय पडला की पाल्यातून सापसुरळी तांब्याच्या तारेसारखी सरकून जाई. वैशाखात निळ्या गळ्याचा सरडा दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडी-मिटी. दगडाखाली फुरसे असे. त्याची खरखर ऐकली की मी दोन पावले मागे सरून हात जोडीत असे. एकदा एक धामण पायवाट ओलांडत होती. तिचे शेपूट गवतात जाईपर्यंत मी उभा राहिलो; तेवढ्यात सकाळचे माझे निम्मे स्तोत्र म्हणून झाले.

मग आम्ही टेकडी स्वच्छ करू लागलो. आधी बाटल्या आणि पिशव्या उचलल्या, ते योग्यच होते. पुढची कल्पना माझी. लहानपणी पाठशाळेत असताना पहाटे देवळाचे अंगण झाडण्याचे काम माझ्याकडे होते. एक पान राहिले तरी गुरुजी काही न बोलता बोट दाखवीत. तो संस्कार साठ वर्षे टिकला. रान हेही देवालयच आहे, असे मी मंडळाला सांगितले आणि पहिला खराटा मी स्वतः हातात घेतला. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही सारा पाला लोटून काढायचो, ढीग करून जाळायचो आणि राख झाडांच्या बुंध्याशी घालायचो. सुटे दगड वेचून पायवाटांच्या कडेला लावले, त्यांना चुना फासला. येणारे-जाणारे कौतुक करीत. मलाही समाधान होते.

साप आणि सरडे नक्की कोणत्या वर्षी दिसेनासे झाले, हे मला सांगता येणार नाही. दिसणारी वस्तू लक्षात राहते. न दिसणारी कधी गेली, याची आठवण कोणाजवळ असते?

त्या सकाळी मी वारुळापाशी बसलो असताना पायथ्याच्या शेतकरी घरातली एक म्हातारी वर आली. दर वर्षी नागपंचमीला ती घरच्या सुनांना घेऊन येथे पूजेला येते, म्हणून आमची ओळख.

"काय शोधताय, गुरुजी?"

"नाग."

"नाग?" ती हसली. "आन् त्यानं ऱ्हायाचं कुठं? तुमच्या रानात वहाणा काढून हिंडावं वाटतंय, इतकं साफ हाय. किडा न्हाई, बेडूक न्हाई, उंदीर न्हाई. त्यो काय तुमच्यावानी एकादशी करतोय व्हय?"

"अहो, पण आम्ही दर वर्षी त्याला दूध वाहतो."

"दूध आमी बी वततो. पर आमी त्याचा पाला जाळत न्हाई."

एवढे बोलून ती निघून गेली. संस्कृतात सापाला उरग म्हणतात. उरग म्हणजे छातीने चालणारा. हा शब्द मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवला. छातीने चालणाऱ्याला जमीन कशी हवी, हा प्रश्न ना कोणा विद्यार्थ्याने विचारला, ना मला सुचला.

रविवारी मंडळाच्या बैठकीत मी म्हणालो, "फरशी नको. आणि पाला झाडणेही थांबवू या."

आमचे सचिव जुने अभियंते आहेत. ते शांतपणे म्हणाले, "अहो गुरुजी, खराटा आमच्या हाती आपणच दिलात. परत घेताय?"

"आणि साप नाहीत, ही तक्रार आहे?" दुसरे गृहस्थ म्हणाले. "साप नाहीत म्हणून तर सूनबाई नातवाला इथे पाठवतात!"

सगळे हसले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी एवढेच म्हणालो, "माझी चूक झाली." आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका दाखवल्या, पण स्वतःविषयी हे वाक्य चारचौघांत उच्चारण्याची ही पहिलीच वेळ होती. माझ्या वयाकडे पाहून त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. फरशी तूर्त थांबवायची आणि वारुळामागचा उतार झाडायचा नाही.

नागपंचमीला बायका आल्या. लाह्या, हळद, दूध. त्या दिवशी कोणी जमीन खणत नाही, विळी-चाकूने काही चिरत नाही. धुळीतल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. वर्षातला एक दिवस आपण एवढे जपतो. मी मंत्र म्हटला. ज्याला उद्देशून म्हणत होतो तो तेथे नव्हता, हे ठाऊक असताना म्हटला.  

थंडीत गिरिपुष्पाची पाने गळाली. उतारावर घोट्याएवढा पाला साचला. मी रोज जाऊन तो नुसता पाहत असे. मग एका शनिवारी खोकल्यामुळे घरीच राहिलो. रविवारी जाऊन पाहतो तो उतार अंगणासारखा स्वच्छ. खराट्याच्या रेषा मातीवर स्पष्ट उमटल्या होत्या.

मंडळात नुकतेच आलेले एक गृहस्थ तेथे उभे होते. "गुरुजी, एवढाच भाग राहून गेला होता. काल एकट्याने करून टाकला."

पाठ केलेला श्लोक न चुकता म्हणून झाल्यावर मुले पाहत, तसे ते माझ्याकडे पाहत होते. रागावणार कोणावर? मी त्यांना सारे समजावून सांगितले. ते ओशाळले, ढीग अजून जाळलेला नाही म्हणाले आणि घाईने निघून गेले.

ढीग खाली पायवाटेला होता. मी पोत्यात पाला भरला, वर नेला आणि हातांनी पसरू लागलो. तिसऱ्या खेपेला ती म्हातारी वाटेत भेटली.

"आता कचरा टाकाय लागला व्हय, गुरुजी?"

"हो."

"टाका, टाका. दमला तर बसा."

बसलो. धाप ओसरल्यावर उठलो. अजून बराच ढीग उरला होता.