बाहेरची मदत: जुन्या जीपने हरसूल, पेठ, सुरगाणा

या ब्लॉगवर आजवर तुम्ही जे वाचलंत ते सगळं एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. मी एसटीची माणूस आहे. तिकीट काढावं, खिडकीशी बसावं, आणि गाडी बंद पडलीच तर ड्रायव्हर-कंडक्टर बघून घेतील म्हणून निवांत शेंगदाणे खावेत, याला मी प्रवास म्हणते. त्यामुळे नाशिकहून हरसूल, पेठ, सुरगाणा आणि वणीमार्गे परत, ही दोन दिवसांची चक्कर मी एका जुन्यापुराण्या जीपमधून केली हे वाचून नेहमीच्या वाचकांना धक्का बसेल. मलाही अजून बसतोय, विशेषतः कमरेत.

जीप आमच्या विलासरावांची. विलासराव म्हणजे माझा नवरा. सातपूरच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. कारखाना बंद झाला आणि हा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. चहा समोर ठेवला तर गार होईपर्यंत तसाच. मग एक दिवस दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून ही फोर बाय फोर जीप आमच्या पार्किंगमध्ये आली. पत्रा गंजलेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, ब्रेक नावापुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी विलासराव आंघोळ करून, जुनी पँट चढवून, शीळ घालत खाली गेले, आणि स्वयंपाकघरात मला रडू फुटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जीपला बरीच नावं ठेवणार आहे.

कारण त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. माझ्या इडलीपात्राच्या ताटल्यांमध्ये बेअरिंग डिझेलने धुतली गेली. सोसायटीच्या फरशीवर ऑइलचे डाग पडले म्हणून बोलणी मी खाल्ली. आणि माझं मुख्य काम टॉर्च धरायचं. "इथे उजेड गं, तिथे नाही." तेराचा पाना कुठला, चौदाचा कुठला, हे मला न बघता ओळखता यायला लागलं. बारीक जागेत नट बसवायचा असला की माझा हात लागायचा, कारण विलासरावांचा पंजा फावड्याएवढा. एवढं करून कोणी गाडी बघायला आलं की हे काय सांगायचे? "सगळं स्वतः केलंय. एकट्याने!" मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी.

जीपला मी सवत म्हणायला लागले होते. शेवटी चिडून त्यांना डोक्याला बांधायची टॉर्च आणून दिली आणि सांगितलं, आता खरंच एकट्याने करा. तेवढ्यात चांदवडच्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याने जीपबद्दल विचारणा केली आणि मी डाव टाकला. सुरगाण्यापर्यंत जाऊन येऊ. बाहेरची मदत न घेता जीप घरी परत आली तर राहील, नाहीतर चांदवडला जाईल. विलासराव लगेच "मंजूर" म्हणाले. दिलेला शब्द हा माणूस मोडत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. टाकी नाशिकमध्येच पूर्ण भरली. तुम्हीही भरा, आत पंप शोधत बसावं लागतं. गिरणारेपर्यंत रस्ता ओळखीचाच, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि टोमॅटो. पुढे वाघेऱ्याचा घाट लागतो. घाट छोटा आहे पण वळणं नीट बघून घ्यावीत. जीप गुरगुरत चढली. नव्या सस्पेन्शनमुळे खड्डे कमी लागतात असं विलासरावांचं म्हणणं. माझं म्हणणं मी राखून ठेवलं.

पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. माझ्या बाजूची सीट खाली घेतलेली होती. माझे पाय कुठल्याही गाडीत लोंबकळतात, इथे ते सपाट टेकले होते. चढायला एक दांडी लावलेली, ती बरोबर माझ्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. पर्स अडकवायला हूक होता.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"तू रुसून टॉर्च धरायची बंद झालीस तेव्हा."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बरं वाटलं, पण डावात असं लगेच दाखवायचं नसतं.

हरसूलला नेमका आठवडे बाजार होता. विळे, कोयते, बांबूच्या टोपल्या, सुकट, नवीन नागली. एका आजींकडून नागली घेतली. "धुऊन वाळवून मग दळजो हां," त्यांनी दोनदा बजावलं. बाजाराशेजारच्या खानावळीत नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी जेवलो. दोघांचं पोटभर जेवण, तेही एका शहरी पिझ्झ्याच्या निम्म्या पैशांत. हरसूलला गेलात तर ही चटणी चुकवू नका.

पेठ ओलांडून आम्ही सुरगाण्याच्या बाजूला आतल्या रस्त्याला लागलो. भातं निघून गेलेली, खाचरं रिकामी, उतारावर साग. भरलेल्या जीपगाड्या समोरून येत होत्या, मागच्या पायरीवर माणसं उभी. त्यांचे ड्रायव्हर आमच्या जीपकडे बघून हात करायचे आणि विलासराव प्रत्येकाला हॉर्न देऊन उत्तर द्यायचे. इतके खुश मी त्यांना कारखान्यातल्या नोकरीतही पाहिले नव्हते.

आणि एका चढावर इंजिन दमायला लागलं. एक आचका, दुसरा आचका, मग शांत. पुन्हा सुरू केलं, थोडं चाललं, पुन्हा शांत. विलासरावांनी बॉनेट उघडलं आणि हौसेने बसवलेल्या पारदर्शक डिझेलच्या नळीकडे बोट दाखवलं. नळीतून बुडबुडे चालले होते. डिझेलमध्ये हवा शिरत होती. नळीच्या टोकाची क्लिप ढिली झाली होती, ती आवळली आणि हातपंपाने हवा काढली की झालं. काम सोपं, पण क्लिप होती फिल्टरच्या मागे, आणि फिल्टरला खेटून विलासरावांनी हौसेने दुसरी बॅटरी बसवली होती, मोबाइल-बिबाइल चार्ज करायला. त्यांचा हात मनगटापर्यंत जाऊन अडकला. पेचकस तिरका लागायचा आणि निसटायचा.

"बॅटरी काढा ना मग."

"तिचा ब्रॅकेट वेल्डिंग केलाय." ते हळू आवाजात म्हणाले. "भूकंप झाला तरी हलणार नाही असा."

हसू मी कसं दाबलं ते मलाच माहीत. पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. बोटांची सालं निघाली होती. ही क्लिप त्यांनी डोक्याला टॉर्च बांधून, माझ्याशिवाय बसवली होती. तेव्हाही ती नीट आवळली गेली नसणार.

एक प्रवासी जीप येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, भला माणूस. "काय झाला काका? बंद पडली का? आमचा मिस्त्री हाय पुढं गावात. फोन लावू का? लगेच येल."

विलासरावांनी रिकाम्या खाचरांकडे बघितलं, मग जीपकडे. "लावा," ते म्हणाले.

तेच तोंड. गॅलरीतल्या खुर्चीतलं. मी डाव जिंकत होते. ऑइलचे डाग जाणार होते, रविवार मोकळे होणार होते, आणि हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाणार होता.

"नको दादा," मी म्हणाले. "आम्ही बघतो आमचं."

ड्रायव्हर माझ्याकडे, मग यांच्याकडे बघायला लागला. "मावशी, पुढं चढ हाय मोठा."

"असू दे. तुम्ही निघा, तुमची माणसं खोळंबलीत."

जीप गेली. मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, पर्स हुकाला लावली आणि आखूड पेचकस घेऊन हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. क्लिप बोटांना लागली, स्क्रूची खाच लागली. बघायची गरजच नव्हती. विलासराव मोबाइलचा उजेड पाडत होते.

"इथे उजेड, तिथे नाही," मी म्हणाले. दोन वर्षं वाट बघितली होती मी या वाक्यासाठी.

क्लिप आवळली. त्यांनी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, फेस आला, मग स्वच्छ डिझेल. इंजिन सुरू झालं आणि आम्ही तो मोठा चढ चढून गेलो.

सुरगाण्यात साधा लॉज मिळाला, गरम पाणी बादलीने. जेवताना विलासराव म्हणाले, "चांदवडला फोन करून टाकतो. ठरल्याप्रमाणे. मदत लागली ना."

"कुणाची?"

"तुझी."

माझा घास हातात राहिला. "अहो, ठरलं होतं बाहेरची मदत घ्यायची नाही. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी बाहेरची? आणि ती सवत घरची?"

"तसं नाही गं," ते घाईघाईने म्हणाले. "पण मी एकट्याने बनवली म्हणत होतो. तसं नव्हतं. शब्द तो शब्द. फोन करतो."

मला त्यांचा रागही आला आणि मायाही आली. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि त्या कांदेवाल्या शेतकऱ्याला रविवारी या म्हणून सांगितलं. मी अडवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून एवढी सोपी गोष्ट एवढी अवघड करून ठेवली होती, आणि रात्रभर मला ती सोडवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी बोरगावमार्गे परतलो. रस्ता चांगला, हवा थंड, रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे ढीग. दोन खोकी घेतली. थोडी घासाघीस चालते, पण त्या बायकांनी पहाटेपासून तोडलेली असतात, फार ताणू नका. वणीला चहा, दिंडोरीला पुन्हा चहा. जीप एकदाही कुरकुरली नाही. तिलाही कळलं असावं.

रविवारी चांदवडचे पाहुणे आले. उंच, पांढरा सदरा. त्यांनी टायरला लाथ मारली, खाली वाकून बघितलं, बॉनेट उघडलं.

"लय भारी काम केलंय. कोनी बनवली?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. विलासरावांनी माझ्याकडे बघितलं.

"आम्ही दोघांनी," ते म्हणाले. "हिचा हात गेल्याशिवाय या गाडीतली अर्धी कामं होतच नाहीत. आतले नट हिनंच बसवलेत, मागची क्लिपही हिनंच आवळली."

पाहुण्यांनी त्या बॅटरीमागच्या फटीत स्वतःचा हात घालून बघितला. तो मनगटाशी अडकला. ते हसायला लागले. "मग मी हे घिऊन काय करू? आमच्या घरची लक्ष्मी काय इथं हात घालायची नाय." मग माझ्याकडे वळले. "ताई, खरं सांगा. दोघांची गाडी हे, मग इकता कशाला?"

"मलाही यांना तेच विचारायचंय," मी म्हणाले.

विलासरावांचे डोळे भरून आले होते. पाहुण्यांनी ते पाहिलं आणि मोठ्या मनाने चहा संपवून, स्ट्रॉबेरीचं एक खोकं काखोटीला मारून ते चांदवडला गेले.

आता हिशेब. ही चक्कर करा, डिसेंबरात करा, हरसूलची चटणी खा. मी स्वतः पुढच्या वेळी एसटीनेच जाईन असं लिहिणार होते. पण आत्ता हे लिहिताना खालून, पार्किंगमधून हाक आली आहे. ब्रॅकेट कापून बॅटरी मागे हलवायचं काम काढलंय. डोक्याला बांधायची टॉर्च तिथेच खिळ्याला लटकलेली आहे, मी गॅलरीतून बघितली.

"अगं, जरा येतेस का?"

बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आहेत. निघते.