बिनदोरीचा श्रावण

वेड्यांच्या दवाखान्याची गाडी गल्लीत शिरली, की बायका खिडक्या लावून घेत आणि मग फटीतून बघत. गाडीतून आधी उतरे तो श्रावण. डॉक्टर नव्हे, कंपाउंडरही नव्हे. साधा वॉर्डातला परिचर. अंगावर खाकी, पायांत टायरच्या चपला आणि दोन्ही हात रिकामे. बाकीचे दोरी घेऊन जात. श्रावणने नोकरीत कधी दोरी नेली नाही, की "चल, लग्नाले जाऊ" असं खोटं सांगून कुणाला गाडीत बसवलं नाही. सोबतचे त्याला 'बिनदोरीचा' म्हणून चिडवत. तो हसे.

चौऱ्याहत्तर साली एका सकाळी तांडापेठेतून, विणकरांच्या वस्तीतून, बोलावणं आलं. देवाजी विणकर चार दिवस मागावरून उठला नव्हता. माग थांबला की छत कोसळून पोरं दबतील, असं त्याच्या मनानं घेतलेलं. धोट्यातलं सूत केव्हाच संपलं होतं; रिकामाच धोटा इकडून तिकडे. खटक, खटक. ओठ सुकलेले, डोळे तारवटलेले.

थोरला भाऊ नत्थूजी खाटेची दोरी घेऊन तयारच होता. "पाहून काय राहिला गा? धर त्याचे पाय!"

दारातून देवाजीची बायको अंजनाबाई म्हणाली, "बांधून नका नेऊ जी. पोरं पाहून राहिले."

श्रावणही विणकराचाच लेक. गिरणीच्या कापडानं घरचा माग बंद पाडला, म्हणून तो या नोकरीत आला होता. तो मागाखालच्या, विणकरानं पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठाशी बसला.

"देवाजी, मी चालवतो. तू ऊठ."

"थांबला तर?"

"नाही थांबत."

देवाजीनं बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. खटक, खटक. ताल चुकला नाही. पण आता पंचाईत झाली! रोगी बाहेर उभा आणि श्रावण मागात अडकलेला.

गाडीवाला रुपराव खो खो हसला. "मी तर आता तुलेच भरती करतो!"

अंजनाबाईनं पदर खोचला. "सरका, भाऊ."

आजवर तिनं फक्त धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. नत्थूजी कडाडला, "घरची बाई मागावर बसन?"

"मग तुम्ही बसता का, भासरेबुवा?"

ती श्रावणच्या जागी बसली. अंजनाबाईचा धोटा अडखळत का होईना, पण चालू लागला, आणि देवाजी साऱ्या गल्लीदेखत आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेला.

चौकात गाडी वळली आणि मागाचा आवाज तुटला. देवाजीनं दाराची कडी धरली. "थांबला!"

"चालू आहे म्हण ना," रुपराव कुजबुजला.

श्रावणनं नकारार्थी मान हलवली आणि तो देवाजीला म्हणाला, "आपण दूर आलो गा, म्हणून ऐकू येत नाही. ती चालवून राहिली का, मले इथून दिसत नाही. पण ती बसली, ते तू पाहिलं."

देवाजीचा हात कडीवरच होता. श्रावणनं तो धरला नाही.

"तिचा हात कच्चा आहे," देवाजी अखेर पुटपुटला. "काठाचे धागे तोडन ते."

"मग परत आल्यावर रागावजो तिच्यावर."

देवाजीनं कडी सोडली.

दवाखान्याच्या फाटकात गाडी उभी राहिली, तेव्हा श्रावण अजून त्या सोडलेल्या कडीकडेच बघत बसला होता. देवाजी खाली उतरला, चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "चाल ना गा. बसून काहून राहिला?"