प्लग ज्याच्या खिशात

दुकान बंद केलं की सामानाची सोय लागते. पेचकस, पक्कड कोणी ना कोणी मागून नेतं. जळालेल्या कॉइली भंगारवाला पोत्यात भरतो. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते टेबलाखाली पडून राहतात, आणि झाडायला गेलं की एकाला धरून दुसरा निघतो.

आमचं दुकान अमरावतीत, इतवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोघांचं. मी वसंता आणि माझा जोडीदार गजानन. इस्त्री, शेगडी, गिझर सगळंच यायचं, पण नाव होतं ते घरच्या ओव्हनसाठी. ओव्हनची कॉइल तुटली की बाकीचे मेकॅनिक म्हणत, "नवा घ्या." आम्ही म्हणायचो, "ठेवा तिथं."

गजानन आता नाही. म्हणजे "वसंता, फेकू नको बे!" म्हणणारं कोणी उरलं नाही. तरी फेकत नाही. तेवढी अक्कल चौथी पास माणसालाही असते.

०

पहिला किस्सा बटणाचा. तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

भारनियमनाचा जमाना. लाइट भर दुपारी जायची, कधी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसायचं. ती आल्याचं कळावं म्हणून अख्खं गाव तेव्हा एक मूर्खपणा करायचं. बटणं चालूच ठेवायचं! पंखा फिरला की समजायचं, आली.

आमच्या टेबलावर एक बोर्ड होता. त्यावर एक बल्ब, एक सॉकेट, आणि दोन्हीला मिळून एकच बटण. गजाननचा हात एका गोल ओव्हनच्या पोटात होता. तुटलेली कॉइल ओढून काढत होता. प्लग सॉकेटात तसाच. लाइटच नाही तर प्लग कायले काढायचा!

बटण मी दाबलं. बल्ब पेटला की लाइट आल्याचं कळेल, एवढाच विचार.

बल्ब पेटला.

गजानन टेबलावरून भिंतीपर्यंत गेला. तोंडातून आवाज नाही. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली, आणि पुढं जन्मभर वाकडीच राहिली.

मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग वर बल्बाकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाइट आली वाटते!"

मी म्हटलं, "हो."

बटणाचं मी काही बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही.

०

बोटांची पट्टी सुटली त्या दिवसापासून दुकानात कायदा लागू झाला. ज्याचा हात ओव्हनमध्ये, प्लग त्याच्याच खिशात. गोल ओव्हनची वायर इस्त्रीसारखी सुटी निघते, ती गुंडाळून अख्खी खिशात. चौकोनी ओव्हनची निघत नाही, तर नुसता प्लग खिशात आणि वायर शेपटीसारखी बाहेर.

एकदा मी रिकामाच बसलो होतो. म्हटलं, "आण, तुहा प्लग मी धरतो. तुले वाकायले त्रास होते."

"नाही."

"काहून? मायावर भरोसा नाही?"

"भरोसा आहे ना. म्हून तर तुह्या शेजारी बसतो. पण प्लग? सख्ख्या भावाले देणार नाही!"

हसला. मीही हसलो. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

०

शेपटीचा किस्सा. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. कडक. त्यांचा मोठा चौकोनी ओव्हन टेबलावर उघडून ठेवलेला, आणि प्लग गजाननच्या खिशात. बाई दारात दिसल्या. गजाननला बायकांना उठून नमस्कार करायची सवय. उठला, हात जोडत दोन पावलं पुढं गेला, आणि मागून ओव्हन टेबलावरून खाली आला! काच फुटली, जाळी गल्लीत गेली, वरचा रॉड मधोमध वाकला.

बाई म्हणाल्या, "माझा ओव्हन तुमच्या मागे मागे का फिरतोय?"

गजानन म्हणाला, "जीव लावला का येते बाई वस्तू मागं!"

काच आम्ही भरून दिली. वर रॉडही नवा टाकला. बाई पुन्हा आल्या नाहीत. दोन वर्षांनी त्यांचे मिस्टर आले. म्हणाले, "तिनं सांगितलं, ज्यांनी पाडला त्यांच्याकडेच न्या. बाकीचे पाडतात आणि सांगत नाहीत."

मी पेचकस खाली ठेवला आणि चहा सांगायला बाहेर गेलो.

०

गिऱ्हाइकाला नवी कॉइल नको असते. त्याला जोड पाहिजे असतो. तुटलेली दोन टोकं पिळून एकात एक अडकवायची, की ओव्हन पुन्हा लाल. पण जोड लागला तिथं तार जास्त तापते. महिना जाते, दोन महिने जातात, आणि तार तिथंच तुटते. म्हणून आमच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, जोडाला गॅरंटी नाही.

मागल्या वर्षी गजाननच्या छातीत दुखायला लागलं. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चित्र काढून सांगत होता. हृदयाच्या नळ्या बुजल्या, पायातली नस काढायची, तिथं लावायची.

गजानन म्हणाला, "म्हंजे जुनीच तार काढून जोड मारता?"

"तसंच समजा काका."

"नवी नाही भेटत?"

"नाही."

"मंग गॅरंटी किती?"

डॉक्टर म्हणाला, "गॅरंटी देता येत नाही."

गजाननने माझ्याकडे पाहिलं. "वसंता, इमानदार माणूस आहे बे हा!" आणि उठून चालायला लागला. ऑपरेशन केलं नाही. गोळ्यांवर भागवलं. मी शिव्या दिल्या, हात जोडले, पुन्हा शिव्या दिल्या. काही फरक नाही.

०

रिटायर पोस्टमनचा किस्सा ऐका. हा हसायचा नाही.

त्याच्या गोल ओव्हनची कॉइल दर चार-पाच महिन्यांनी जायची. गजाननने एकदा विचारलंच, "काय भाजता जी एवढं?"

"काहीच नाही."

"मंग कॉइल जळते काहून?"

म्हातारा म्हणाला, "आमच्या हिची सवय होती. पाच वाजले का ओव्हन लावायची. नानखटाई, ढोकळा, काही ना काही. ती गेल्यावर मी लावतो. पाच वाजता. तापते, वास येते लोखंडाचा. सहाले बंद करतो."

गजानन नवी कॉइल घालत होता, मान वर न करता म्हणाला, "रिकामा नका तापवू. मूठभर शेंगदाणे टाकत जा आत."

आठ दिवसांनी म्हातारा पुडी घेऊन आला. शेंगदाणे कोळशासारखे काळे. आम्ही दोघांनी त्याच्यासमोर सगळे खाल्ले. तो गेल्यावर गजानन बाहेर जाऊन थुंकला, पाणी प्यायला, आत आला.

"वसंता, माणसानं आपल्या अगोदर बायकोले मरू देऊ नये."

"ते का आपल्या हातात असते बे?"

"नाही ना. म्हून तर म्हणतो."

त्याची बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

०

आता अकोल्याचा.

गजाननची एकुलती एक पोरगी सुनंदा. दिली अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठच्या एका बोळीत. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून ती घरी केक करून विकते. तिचा फोन आला. "बाबा, ओव्हनची कॉइल तुटली. उद्याच्याले तीन केक द्यायचे आहेत."

मी गजाननला म्हटलं, "तिथलं कोणी पाहून घेईल. तू छातीवाला माणूस, बसनं कायले हादरे खात जातो?"

"पोरीचा ओव्हन दुसऱ्याले उघडू देऊ?"

गेलो. दोघंही. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हाच त्याला घाम होता. म्हणाला ऊन लागलं. बसमध्ये ऊन!

सुनंदानं आधी चहा दिला, मग ओव्हन पुढं ठेवला. तो तिला लग्नात बापानंच दिलेला, गोल, ॲल्युमिनियमचा. गजाननने वायर काढली, गुंडाळली, शर्टाच्या खिशात घातली. सुनंदा म्हणाली, "इथं तर लाइटच गेली आहे बाबा."

"म्हून तर खिशात ठेवतो."

मी छताकडे पाहत बसलो.

तळ उलटा केला. चार स्क्रू काढले, पत्रा उचलला. मातीच्या थाळीतल्या खाचेत कॉइल तीन ठिकाणी तुटलेली. जुनी काढली, खाच ब्रशनं साफ केली. नवी कॉइल हातानं ताणली. ही ताणायचीच खरी कारागिरी. एकीकडे जास्त ताणली की केक एका बाजूनं जळतो, दुसऱ्या बाजूनं कच्चा राहतो. त्या वाकड्या दोन बोटांनी त्यानं ती अशी सारखी ताणली की मला आयुष्यात कधी जमली नाही. खाचेत बसवली, टोकं आवळली, पत्रा ठेवला. एक स्क्रू, दोन स्क्रू, तीन.

चौथा स्क्रू त्याच्या ओठात होता. तो खाली पडला.

"बाबा!"

"काही नाही वं. स्क्रू पाह्य कुठं गेला."

आणि तो बसल्या जागी आडवा झाला.

०

सुनंदा स्कूटीवर पुढं गेली, दवाखान्यात सांगायला. मी त्याला ऑटोत घातलं. बोळीत गर्दी, भाजीच्या गाड्या, ऑटो बैलासारखा चालत होता. गजाननचं डोकं माझ्या खांद्यावर. शर्ट ओला. श्वास घेताना पेचकस पत्र्यावर घासल्यासारखा आवाज.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"गजा."

"अं."

"त्या दिवशीचं ते बटण मी दाबलं होतं. लाइट आल्याचं कळावं म्हून. तुहा हात आत होता, हे मले दिसत होतं. पण ध्यानात नाही आलं. तीस वर्षं झाले बे. मी बोललो नाही."

मला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही. ऑटोवाला आरशातून पाहत होता.

मग गजाननने डोळे उघडले.

"भैताडा. दुकानात आपून दोघंच तर होतो. मी दाबलं नाही. मंग कोणं दाबलं असंन?"

०

शेवटचा.

डॉक्टर म्हणाला, आत्ताच उघडावं लागेल. सुनंदानं कागदावर सही केली. अक्षर सरळ काढलं. नर्स म्हणाली, कपडे, अंगठी, गळ्यातलं, सगळं काढून नातेवाइकांकडे द्या. त्याला हिरवा झगा घातला. मागून बंद बांधायचा तसला. मी अंगठी घेतली, चष्मा घेतला.

नर्स म्हणाली, "आजोबा, मूठ उघडा. काय आहे हातात?"

त्या दोन वाकड्या बोटांत ओव्हनची वायर होती. शर्ट काढताना त्यानं खिशातून काढून धरून ठेवली होती.

"हे आत नाही चालत आजोबा."

गजाननने छाती चाचपली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग कमरेजवळ. पुन्हा छातीवर.

"वसंता, या झग्याले खिसाच नाही बे!"

स्ट्रेचर ढकलायला माणूस येऊन उभा होता. गजाननने मला जवळ बोलावलं. वायर माझ्या हातावर ठेवली आणि वाकड्या बोटांनी माझी मूठ मिटवली.

"घे. तुह्या खिशात ठेव."

मी ठेवली. दाराशी स्ट्रेचर पोहोचलं तसं त्यानं मान वळवून ओरडून सांगितलं,

"आन बटणाले हात नको लावू!"