बिनचिठ्ठीची बरणी

ईरा, काल व्हिडिओ कॉलवर तुझं स्वयंपाकघर पाहिलं. चमच्यावर निळी चिठ्ठी, घड्याळावर लाल, खिडकीवर हिरवी. जर्मन नामांची लिंगं रंगांवरून लक्षात राहावीत म्हणून शेजारच्या हेल्गाआजींनी त्या लावल्या, असं तू म्हणालीस. त्यांनाही आजी! त्यांचं अक्षरही सुरेख आहे. मला हेवा वाटला. मराठीतही तीन लिंगं आहेत, पण ‘तो चमचा, ते घड्याळ, ती खिडकी’ शिकवायला मी तुझ्या ओट्याशी कधी होते?

तेवढ्यात मी पाठवलेली बरणी दिसली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

“ही राहिली वाटतं?”

“नाही गं आजी. त्या लावत होत्या, मीच नको म्हटलं. ते लोणचं आहे. त्याला लोणचंच म्हणायचं.”

फोन ठेवला आणि कैऱ्या आणायला पिशवी काढली.